उसावरून उडणारा ड्रोन आणि जमिनीवरचे केंद्र : बिनतारी संपर्क नेमका कुठे तुटतो?

करवीर_शेती · १२ ऑक्टोबर, रात्री ९.१५

नमस्कार. आमच्या गावातील काही शेतकऱ्यांनी मिळून शिवारपाहणीसाठी एक लहान ड्रोन जुळवला आहे. वजन २ किलोच्या आत आहे, फ्लाइट कंट्रोलरवर (ड्रोनमधल्या उड्डाण-संगणकावर) अर्ड्युपायलट हे सॉफ्टवेअर चालते आणि जमिनीवरच्या केंद्रात, म्हणजे लॅपटॉपमध्ये, उड्डाण आखण्याचे आणि पाहण्याचे मिशन प्लॅनर असते. ड्रोन आणि जमीन यांच्यात तीन स्वतंत्र बिनतारी मार्ग आहेत : हातातल्या रिमोटसाठी २.४ गिगाहर्ट्झ, टेलिमेट्रीसाठी (ड्रोनची माहिती लॅपटॉपवर आणण्यासाठी आणि तेथून आज्ञा देण्यासाठी) ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झ पट्ट्यातला रेडिओ आणि कॅमेऱ्याच्या चित्रासाठी ५.८ गिगाहर्ट्झ.

सोयाबीन आणि भुईमुगाच्या रानावर ड्रोन नजरेच्या टप्प्यात कोठेही नेला तरी तिन्ही मार्ग व्यवस्थित चालतात. आडसाली (जुलै-ऑगस्टमध्ये लावून सुमारे दीड वर्षाने तोडल्या जाणाऱ्या) उसावर मात्र चित्र पार बदलते. लोकरी माव्यामुळे पानांवर धरणारी काळी बुरशी टिपायची असेल, तर ड्रोन शेंड्यांपासून दोन-अडीच मीटरवर आणावा लागतो. तेवढ्या खाली आणून बांधापासून दीडशे मीटर आत नेला की आधी चित्र फुटते, मग टेलिमेट्री अडखळते आणि काही वेळा रिमोटचाही इशारा वाजतो. ड्रोन तीस मीटर वर नेला की सगळे पूर्ववत होते.

गटात तीन मते आहेत. पहिले, १०० मिलिवॅटऐवजी १ वॅटचा ट्रान्समीटर घ्यावा. दुसरे, सगळे काही कमी वारंवारतेवर न्यावे. तिसरे, ड्रोनमध्ये फोरजीचे सिम घालावे. खर्च करण्यापूर्वी कारण समजून घ्यायचे आहे, म्हणून हा धागा काढला.

बिनतारी_अभ्यासक · १२ ऑक्टोबर, रात्री १०.४०

आपण निरीक्षण नेमके मांडले आहे, त्यामुळे उत्तर देणे सोपे झाले. आधी मोकळ्या अवकाशातला हिशेब मांडतो, म्हणजे दोष कुठे नाही ते स्पष्ट होईल.

२.४ गिगाहर्ट्झची लहर १ किलोमीटर जाताना सुमारे १०० डेसिबलने क्षीण होते (दर १० डेसिबलला शक्ती दहापट बदलते). १०० मिलिवॅट म्हणजे २० डीबीएम (१ मिलिवॅटच्या तुलनेत डेसिबलमध्ये मोजलेली शक्ती). दोन्ही टोकांच्या साध्या अँटेनांचे २-२ डेसिबल धरले, तर १ किलोमीटरवर उणे ७६ डीबीएम इतका संकेत पोहोचतो. रिमोटचे चांगले रिसीव्हर उणे १०० च्या आसपासही काम करतात. म्हणजे १ किलोमीटरवरसुद्धा २४ डेसिबल हातात शिल्लक राहतात आणि आपले काम तर दीडशे मीटरवरच अडते आहे. शक्ती कमी पडते हे निदान येथेच बाद होते.

चित्र आधी का फुटते, यालाही सरळ कारण आहे. चित्रासाठी २० मेगाहर्ट्झ रुंदीचा मार्ग लागतो आणि तेवढ्या रुंदीत रिसीव्हरमध्ये शिरणारा उष्णताजन्य गोंगाटच उणे १०१ डीबीएम असतो. २०० किलोहर्ट्झ रुंदीच्या टेलिमेट्रीत तोच गोंगाट उणे १२१ असतो. चित्र अशा रीतीने २० डेसिबल मागे राहूनच सुरुवात करते, शिवाय ५.८ गिगाहर्ट्झवर वाटेतली घट आणखी ७-८ डेसिबलने जास्त असते. म्हणून चित्र फुटणे ही पायलटला मिळालेली पहिली सूचना समजावी आणि त्याच क्षणी ड्रोन वर घ्यावा.

आता उसाकडे येऊ. ऊस ३ मीटर उंच आहे, आपण बांधावर उभे आहात आणि अँटेना छातीच्या उंचीवर, म्हणजे जमिनीपासून १.२ मीटरवर आहे. ड्रोन शेंड्यांच्या अडीच मीटर वर, म्हणजे जमिनीपासून साडेपाच मीटरवर. दोघांना जोडणारी सरळ रेषा काढली, तर दीडशे मीटरपैकी पहिले साठेक मीटर ती उसाच्या आतून जाते. ड्रोन आपल्याला डोळ्यांनी दिसत नाही आणि लहरीलाही ‘दिसत’ नाही. पानांत पाणी असते आणि पाणी या वारंवारतेची ऊर्जा शोषते. झाडीसाठी वापरले जाणारे वाइसबर्गरचे सूत्र उसासाठी तंतोतंत लागू नाही, पण अंदाजापुरते घेतले तर पानांनी भरलेल्या साठ मीटर झाडीतून जाताना ८६६ मेगाहर्ट्झवर १४, २.४ गिगाहर्ट्झवर १९ आणि ५.८ गिगाहर्ट्झवर २४ डेसिबलची जादा घट येते. पाऊस पडून पाने ओली झाली की ती आणखी वाढते. खुद्द पावसाच्या सरींचा या वारंवारतांवर जवळजवळ काही परिणाम होत नाही, परिणाम होतो तो ओल्या पानांचा.

१ वॅटचा ट्रान्समीटर घेतल्याने १० डेसिबल मिळतील. तीच अँटेना ५ मीटरच्या काठीवर चढवली तर रेषा पूर्णपणे उसाच्या वरून जाईल आणि १९ च्या १९ डेसिबल वाचतील. माझा आग्रह एवढ्यासाठीच आहे की, खालून उडणाऱ्या ड्रोनच्या बाबतीत पैसा आणि श्रम आधी अँटेनाच्या उंचीवर खर्च करावेत.

करवीर_शेती · १३ ऑक्टोबर, सकाळी ७.०५

मनःपूर्वक आभार. कमी वारंवारतेवर घट कमी होते हे आपल्या आकड्यांतही दिसते. मग सगळेच ८६५ वर नेले तर काठीची गरज राहणार नाही का? आणि काठी लावायचीच असेल तर ती उसाच्या उंचीपेक्षा किती वर असावी?

बिनतारी_अभ्यासक · १३ ऑक्टोबर, सकाळी ११.३०

हा प्रश्न महत्त्वाचा आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

मोकळ्या अवकाशात ८६६ मेगाहर्ट्झला २.४ गिगाहर्ट्झपेक्षा ९ डेसिबलचा फायदा असतो. पिकाच्या पृष्ठाला लागून उडताना मात्र लहर दोन वाटांनी येते : एक थेट आणि दुसरी उसाच्या शेंड्यांच्या पृष्ठावरून परावर्तित होऊन. कोन फार लहान असल्यामुळे परावर्तित लहर उलट्या कलेने (थेट लहरीचे शिखर तेथे हिची दरी, अशी) येते आणि थेट लहरीला जवळजवळ खोडून टाकते. एका ठरावीक अंतरापुढे संकेत अंतराच्या वर्गाच्या नव्हे, तर चौथ्या घाताच्या प्रमाणात घटू लागतो. समजा, काठीवरची अँटेना शेंड्यांच्या पातळीपेक्षा २ मीटर वर आहे आणि ड्रोन अडीच मीटर वर आहे. अशा वेळी हे वळण २.४ गिगाहर्ट्झला सुमारे ५०० मीटरवर येते, तर ८६६ मेगाहर्ट्झला १८० मीटरवरच येते. परिणामी ५०० मीटरवर दोन्ही वारंवारतांची घट सारखीच, म्हणजे सुमारे ९४ डेसिबल भरते आणि ९ डेसिबलचा फायदा पूर्ण नाहीसा होतो.

त्या वळणापुढे घट केवळ अंतर आणि दोन्ही टोकांच्या उंचीवर ठरते, आणि ही उंची जमिनीपासून नव्हे, तर शेंड्यांपासून मोजायची असते. ऊस ३ मीटर असेल, तर ५ मीटरची काठी प्रत्यक्षात २ मीटरचीच आहे. तीच काठी ७ मीटर केली की ती ४ मीटरची होते. उपयुक्त उंची दुप्पट झाल्याने ६ डेसिबल मिळतात आणि तेवढाच लाभ शक्ती वाढवून हवा असेल तर ती चौपट करावी लागते. काठीचे शेवटचे दोन मीटर पहिल्या पाचाइतकेच मोलाचे असतात ते असे. ड्रोन एक-दोन मीटर वर घेतल्यानेही हाच लाभ होतो.

आणखी एक गोष्ट. सरळ रेषा उसाच्या वरून गेली म्हणजे पुरेसे झाले, असे नाही. रेषेभोवतीचा फ्रेनेल पट्टाही (लहर ज्या लांबट जागेतून पसरत जाते ती) बऱ्यापैकी मोकळा असावा लागतो. ३०० मीटर अंतरावर मध्यभागी त्याची त्रिज्या २.४ गिगाहर्ट्झला ३ मीटर, तर ८६६ मेगाहर्ट्झला ५ मीटर असते. त्यातला साठ टक्के भाग मोकळा राहिला तरी काम भागते. कमी वारंवारतेला जास्त मोकळी जागा लागते हे अनेकांच्या लक्षात येत नाही.

यावरून ८६५ चा पट्टा निरुपयोगी ठरत नाही. रेषा पिकात बुडालेलीच असेल किंवा मध्ये टेकाड असेल, तर त्याला वळसा घालण्यात कमी वारंवारता निश्चित सरस ठरते. पन्हाळ्याच्या उतारावर किंवा गगनबावड्याच्या बाजूला काम असेल तर मी तीच निवडेन.

खरेदी करताना एक दक्षता घ्यावी. बाजारात टेलिमेट्रीचे रेडिओ बहुधा ४३३ आणि ९१५ मेगाहर्ट्झचे मिळतात. आपल्याकडे ९१५ च्या आसपासचा पट्टा मोबाइल सेवेचा आहे, त्यामुळे तो वापरू नये. ४३३ ला परवाना लागत नाही, पण शक्तीची मर्यादा केवळ १० मिलिवॅट आहे. ८६५ ते ८६८ मध्ये १ वॅटपर्यंत ट्रान्समीटर विनापरवाना चालतो, मात्र वाहक लहरीची रुंदी २०० किलोहर्ट्झच्या आत हवी. म्हणूनच या पट्ट्यावर टेलिमेट्री आणि नियंत्रण जाते, चांगल्या दर्जाचे चित्र जात नाही. ‘सगळेच ८६५ वर’ हा पर्याय त्यामुळे मुळात उपलब्धच नाही.

शिरोळची_पायलट · १३ ऑक्टोबर, दुपारी ३.२०

मी आमच्या बचत गटामार्फत फवारणीचा ड्रोन चालवते. आमचा ड्रोन प्रमाणित आहे आणि रिमोट कंपनीकडून आलेला आहे. त्याची अँटेना काढून काठीवर लावणे आम्हांला शक्य नाही आणि तसे करणे योग्यही नाही, कारण प्रमाणपत्र त्या ठरावीक रचनेला मिळालेले असते. म्हणून आमच्यासारख्यांनी काय करावे, हे अनुभवावरून लिहिते.

ट्रॅक्टरची ट्रॉली पाणंदीत उभी करून मी तिच्यावर उभी राहते. त्यामुळे ड्रोन मला अखंड दिसतो आणि रिमोटही शेंड्यांच्या पातळीला येतो. लांबट रान असेल तर अरुंद टोकाला न थांबता लांब बाजूच्या मध्यावर थांबते, म्हणजे ड्रोनचे सर्वांत दूरचे अंतर जवळजवळ निम्मे होते. रानाला उतार असेल तर वरच्या अंगाला थांबते. रिमोटच्या अँटेनांची टोके ड्रोनकडे रोखायची नाहीत, त्यांची कड ड्रोनकडे ठेवायची, हे प्रशिक्षणातच शिकवले होते. टोकाच्या दिशेने अँटेना जवळजवळ काहीच सोडत नाही. शरीराची आडही मोठी असते. ड्रोन पाठीमागे गेला की मी स्वतः वळते, मान वळवून भागत नाही.

माझा प्रश्न वेगळा आहे. एवढी काळजी घेऊनही संपर्क तुटलाच, तर ड्रोनने काय करावे अशी मांडणी असावी? टाकीत औषध असते, बाजूला दुसऱ्याचे रान असते आणि आमच्याकडे विजेच्या तारा जागोजागी आहेत.

उड्डाण_मांडणी · १३ ऑक्टोबर, सायंकाळी ६.४५

ताई, आपला प्रश्न या धाग्याचा गाभा आहे असे मला वाटते. संपर्क कधीच तुटणार नाही, असे गृहीत धरून आखलेले उड्डाण मुळातच अपुरे आहे.

अर्ड्युपायलटवर चालणाऱ्या ड्रोनपुरते लिहितो. आपल्या ड्रोनची मांडणी वेगळी असू शकेल, ती पुस्तिकेत पाहावी. येथे रिमोटचा संपर्क आणि जमिनीवरच्या केंद्राचा संपर्क या दोन निराळ्या बाबी आहेत. रिमोट तुटला तर मानवी नियंत्रण गेले. केंद्राचा संपर्क मॅव्हलिंक या संदेशपद्धतीने चालतो. त्यात दोन्ही बाजू दर सेकंदाला ‘मी आहे’ असा एक छोटा संदेश पाठवत असतात, त्याला हार्टबीट म्हणतात. केंद्राचा हार्टबीट ५ सेकंद आला नाही, तर केंद्र हरवले असे ड्रोन समजतो, मात्र त्यासाठी ही सोय सुरू केलेली असावी लागते. या दोन प्रसंगांना एकच उत्तर देणे योग्य नाही. आखलेल्या मार्गावर स्वयंचलित उड्डाण चालू असेल, रिमोट ठणठणीत असेल आणि केवळ टेलिमेट्री गेली असेल, तर ड्रोनला मार्ग पुरा करू द्यावा. रिमोट तुटला तर मात्र पंप बंद करून परत यावे.

परत येताना ड्रोन आधी ठरलेल्या उंचीवर चढतो आणि मग घराच्या दिशेने निघतो. ही उंची मुळात १५ मीटर ठेवलेली असते. आपल्याकडची नारळाची झाडे आणि तारा पाहता ती प्रत्येक रानासाठी नव्याने ठरवावी. मी भोवतालच्या सर्वांत उंच वस्तूच्या वर किमान १० मीटर ठेवतो. वर अभ्यासकांनी सांगितलेला नियम येथे आपल्या बाजूने काम करतो, कारण ड्रोन चढू लागला की तुटलेला संपर्क बहुतेक वेळा आपोआप जोडला जातो. जोडला गेला तरी नियंत्रण लगेच हातात येत नाही, उड्डाणाचा मोड एकदा बदलावा लागतो. हा सराव मोकळ्या मैदानावर रिमोट मुद्दाम बंद करून प्रत्येक नव्या पायलटकडून करून घ्यावा.

‘घर’ म्हणजे ड्रोनने उड्डाणापूर्वी मोटारी सुरू करताना नोंदलेली जागा. ट्रॉली नंतर हलवली तरी घर हलत नाही आणि ड्रोन जुन्याच जागी उतरतो. तेथे एव्हाना माणसे, बैल किंवा दुसरे वाहन असू शकते, याचे भान ठेवावे.

धातुकाम_शिरोली · १४ ऑक्टोबर, सकाळी ९.००

माझा फाउंड्रीशी संबंध आहे. औद्योगिक वसाहतीत छपरांची पाहणी करताना आमच्या ड्रोनचा संपर्कही मधूनमधून डळमळतो. इंडक्शन भट्ट्यांमुळे असे होते, अशी येथे सर्वांची समजूत आहे. ती बरोबर आहे का?

बिनतारी_अभ्यासक · १४ ऑक्टोबर, सकाळी १०.१५

इंडक्शन भट्टी काही शे हर्ट्झ ते काही हजार हर्ट्झवर चालते. २.४ गिगाहर्ट्झ त्याहून लाखो पटींनी वर आहे, त्यामुळे रेडिओला भट्टीचा थेट उपद्रव होण्याची शक्यता फार कमी आहे. लोखंडी सांगाडे आणि जाड केबलींतला प्रवाह यांमुळे ड्रोनचे होकायंत्र मात्र नक्की बिघडते आणि ड्रोन वाकडा जाऊ लागला की पाहणाऱ्याला संपर्क गेल्यासारखे वाटते. रेडिओच्या बाबतीत संशय घ्यायचा तो कारखान्याच्या वायफायवर आणि पत्र्याच्या छपरांवरून होणाऱ्या परावर्तनावर. लॉगमध्ये (उड्डाणाच्या आपोआप होणाऱ्या नोंदींत) संकेत चांगला आणि गोंगाट जास्त दिसला तर वायफाय, संकेतच खाली गेलेला दिसला तर आडोसा किंवा परावर्तन, आणि दोन्ही ठीक असून ड्रोन भरकटला तर होकायंत्र, असा निवाडा करता येईल.

पंचगंगा_काठ · १४ ऑक्टोबर, रात्री ८.३०

मी पूरकाळात स्वयंसेवक म्हणून काम करतो. २०१९ आणि २०२१ च्या पुरांनंतर आमच्या मंडळाने एक ड्रोन तयार ठेवला आहे. राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांची इशारा पातळी ओलांडून ४३ फुटांच्या धोका पातळीकडे निघाले की प्रयाग चिखली, आंबेवाडीकडची स्थिती कळणे फार निकडीचे होते. प्रशासनाच्या सांगण्यावरून आम्ही तीन मजली इमारतीच्या गच्चीवरून ड्रोन उडवतो. तेथे ना ऊस आड येतो ना झाड, सगळीकडे सपाट पाणी असते. तरीही काही ठिकाणी चित्र अचानक जाते आणि ड्रोन थोडा पुढे किंवा वर गेला की परत येते. वर्तुळाकार ध्रुवीकरणाच्या (गोल फिरत जाणारी लहर सोडणाऱ्या) अँटेना लावल्या, तरी फरक पडला नाही. हे कशामुळे होत असावे?

बिनतारी_अभ्यासक · १४ ऑक्टोबर, रात्री १०.५५

आपले काम मोलाचे आहे, म्हणून आकड्यांसह लिहितो.

पुराचे संथ पाणी या लहरींसाठी आरशासारखे असते. थेट लहर आणि पाण्यावरून आलेली लहर काही जागी एकमेकींना बळ देतात, काही जागी खोडतात. गच्ची पाण्यापासून १० मीटर, ड्रोन ३० मीटर आणि वारंवारता २.४ गिगाहर्ट्झ धरली तर खोडणाऱ्या जागा साधारण १२००, १६०० आणि २४०० मीटरवर येतात. त्यांच्या अलीकडेही त्या आहेत आणि जवळजवळ आहेत. १ किलोमीटर अंतरावर ड्रोन सरळ वर नेला तर दर ६ मीटरला असा एक खड्डा लागतो. ड्रोन दोन-तीन मीटर वर-खाली केला की चित्र परत येते ते यामुळेच, आणि पायलटच्या हातातला पहिला उपाय तोच आहे. चित्रासाठी ५.८ गिगाहर्ट्झ असेल तर हे अंतर आणखी कमी होते.

वर्तुळाकार ध्रुवीकरणाबद्दल. परावर्तनात फिरण्याची दिशा उलटते आणि अँटेना ती लहर नाकारते, हे तत्त्व कोन मोठा असेल तेव्हाच लागू पडते. गोड्या पाण्यावर लहर साधारण साडेसहा अंशांपेक्षा सपाट कोनात आली तर दिशा उलटतच नाही. आपल्या उदाहरणात १ किलोमीटरवर हा कोन सव्वादोन अंशांच्या आसपास आहे. ड्रोन वळताना कलतो, त्यासाठी या अँटेना जरूर उपयोगी आहेत, पण दूरच्या पाण्यावरचे परावर्तन त्या रोखू शकत नाहीत.

खरा उपाय म्हणजे एकाच रिसीव्हरला दोन अँटेना वेगवेगळ्या उंचीवर लावणे. वरच्या आकड्यांसाठी त्यांच्यात सुमारे १ मीटरचे उभे अंतर ठेवले, तर एक खड्ड्यात असताना दुसरी शिखराजवळ असते. बहुतेक चांगल्या रिसीव्हरना दोन अँटेनांची सोय असते, परंतु लोक त्या शेजारी शेजारी एकाच उंचीवर बांधतात आणि लाभ घालवतात. पाणी चढेल तशी आपली उंची कमी होते आणि खड्डे सरकतात, हेही लक्षात असू द्यावे.

शिरोळची_पायलट · १५ ऑक्टोबर, सकाळी ८.१०

नृसिंहवाडीच्या बाजूला पुराचे पाणी कसे पसरते हे आम्ही पाहिले आहे, त्यामुळे वरची चर्चा फार जवळची वाटली. एक विनंती करते. पुराच्या वेळी बचावाची हेलिकॉप्टर येऊ शकतात. आवाज कानी पडताच ड्रोन ताबडतोब उतरवला पाहिजे, मग संपर्क कितीही उत्तम असो.

जागेच्या नियमांबद्दल, येथे नवीन असणाऱ्यांसाठी लिहिते. २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे हिरव्या (पूर्वपरवानगी न लागणाऱ्या) क्षेत्रात ४०० फुटांपर्यंत, म्हणजे १२० मीटरपर्यंत उडवता येते. चालू विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ही मर्यादा २०० फूट, म्हणजे ६० मीटर आहे. ८ किलोमीटरच्या आत पूर्वपरवानगी लागते. उजळाईवाडीचा विमानतळ शहराला एवढा लागून आहे की कोल्हापूर शहराचा मोठा भाग या ८ किलोमीटरमध्ये येतो. डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावरचा नकाशा प्रत्येक रानासाठी पाहावा.

करवीर_शेती · १५ ऑक्टोबर, रात्री ९.४०

सर्वांचे आभार. गटाने शक्ती वाढवण्याचा विचार सोडला आहे आणि ७ मीटरची, तीन तुकड्यांत उघडणारी काठी करायचे ठरवले आहे. दोन शंका उरल्या आहेत. रेडिओ खाली ठेवून वर केवळ अँटेना न्यावी की रेडिओच वर चढवावा? आणि गटातल्या तरुणांचा फोरजीचा आग्रह अजून कायम आहे, त्यांना काय सांगावे?

उड्डाण_मांडणी · १६ ऑक्टोबर, सकाळी ७.५०

रेडिओच वर चढवावा. दुकानात सहज मिळणारी आरजी ५८ ही केबल २.४ गिगाहर्ट्झवर दर मीटरला सुमारे १ डेसिबल खाते. ७ मीटर उंचीने जे कमावले ते ७ मीटर केबलमध्ये संपून जाईल. ८६६ मेगाहर्ट्झवर ही हानी जवळपास निम्मी असते, तरी ती का सोसावी? जाड, कमी हानीची केबल मिळते, पण ती महाग आणि जड आहे. रेडिओ पावसापासून जपणाऱ्या प्लास्टिकच्या डबीत घालून काठीच्या टोकाला बसवावा आणि खाली विजेची आणि डेटाची तार आणावी. साधी यूएसबी तार ५ मीटरपुढे विश्वासाने चालत नाही, म्हणून आरएस ४८५ किंवा इथरनेट या लांब तारेवर चालणाऱ्या डेटापद्धती वापराव्यात. डबी धातूची नसावी. ड्रोनवरही अँटेना कार्बन फायबरच्या सांगाड्याला चिकटून नसावी, कारण कार्बन फायबर लहर अडवते. ती खाली लोंबती, सांगाड्यापासून दूर ठेवावी.

काठी उभी करताना वर तारा नाहीत याची खात्री करावी. वळवाच्या दिवसांत ढग गडगडू लागले की काठी आधी खाली घ्यावी आणि मग बाकीचे आवरावे.

फोरजीबद्दल माझे मत असे आहे की तो दुसरा मार्ग म्हणून चांगला आहे, एकमेव मार्ग म्हणून नाही. मोबाइल टॉवरच्या अँटेना जमिनीकडे झुकवलेल्या असतात. ड्रोन शंभर मीटर वर गेला की त्याला एकाच वेळी अनेक टॉवर दिसतात आणि त्यांचे संकेत एकमेकांत मिसळतात. याच अडचणीसाठी मोबाइल मानकांत २०१८ च्या सुमारास, पंधराव्या आवृत्तीत, ड्रोनसाठी वेगळ्या सुधारणा घालण्यात आल्या. आपण उसाच्या शेंड्यांवर उडवता, तेथे ही अडचण कमी आहे. परंतु संदेश पोहोचायला लागणारा वेळ सतत बदलता असतो, म्हणून हाताने चालवायच्या नियंत्रणासाठी त्यावर विसंबू नये. पुरात तर टॉवरची वीजच जाते.

कोणत्याही मार्गाने मॅव्हलिंक चालवत असाल, तर त्याच्या दुसऱ्या आवृत्तीतली संदेशांवर सही करण्याची सोय जरूर सुरू करावी. ती नसेल तर त्याच वारंवारतेवर तसाच रेडिओ जुळवलेला कोणीही आपल्या ड्रोनला आज्ञा देऊ शकतो.

बिनतारी_अभ्यासक · १६ ऑक्टोबर, दुपारी १२.२०

केबलबद्दलच्या मताशी पूर्ण सहमत आहे. काठी उभी झाली की नोंदी मात्र शिस्तीने ठेवाव्यात अशी विनंती आहे. मिशन प्लॅनरच्या लॉगमध्ये टेलिमेट्रीचे चार आकडे असतात : जमिनीवरचा संकेत, जमिनीवरचा गोंगाट, ड्रोनवरचा संकेत आणि ड्रोनवरचा गोंगाट. त्यांच्यासोबत उसाची उंची, काठीची उंची, ड्रोनची शेंड्यांवरची उंची आणि पाने ओली होती की कोरडी, एवढे लिहून ठेवावे. ड्रोनवरचा गोंगाट जमिनीपेक्षा बराच जास्त दिसला तर त्याचा उगम ड्रोनच्या आत, बहुधा मोटारींचे कंट्रोलर किंवा व्होल्टेज उतरवणाऱ्या सर्किटमध्ये आहे. तो काठीने सुटणार नाही, तारांची मांडणी बदलून आणि रिसीव्हर दूर नेऊन सुटेल. वर दिलेले झाडीचे सूत्र उसाला कितपत लागू होते, तेही अशा नोंदींतूनच ठरेल.

शिरोळची_पायलट · १६ ऑक्टोबर, सायंकाळी ५.३०

आमच्या रिमोटच्या पडद्यावर संकेताची पातळी दिसते, गोंगाट दिसत नाही. तरीही जमिनीवर उभे राहून आणि ट्रॉलीवर उभे राहून, अशा दोन्ही नोंदी मी तोडणीपूर्वीच्या उसावर घेईन. यंदाच्या आडसाली लागणीचा कोवळा ऊसही शेजारीच आहे, त्यामुळे उंच आणि बुटक्या पिकातला फरक एकाच दिवशी मोजता येईल. तक्ता येथेच टाकते.

करवीर_शेती · १६ ऑक्टोबर, रात्री ९.०५

ताई, त्याच रकान्यांचा तक्ता आम्हीही भरतो, म्हणजे दोन्ही तालुक्यांचे आकडे शेजारी ठेवून पाहता येतील. काठीचे पाइप उद्या आणतो आणि पहिली नोंद ५ मीटरवर, दुसरी ७ मीटरवर घेतो.